पुढची तारीख: पशुवैद्यकीय दवाखाना लोकांपर्यंत नेताना आणि पशुपालक टिकवताना

दवाखाना वाढत नाही अशी तक्रार घेऊन नवे पशुवैद्यक येतात, तेव्हा मी त्यांना पाटीविषयी किंवा इन्स्टाग्रामविषयी काही विचारत नाही. मागच्या वर्षी ज्या पिल्लांना तुम्ही पहिली लस दिली, त्यांपैकी किती कुत्री यंदा रेबीजच्या वार्षिक लसीसाठी परत आली, एवढेच विचारतो. बहुतेकांना उत्तर देता येत नाही. लसीची नोंद मालकाच्या हातातील पुस्तिकेत असते, दवाखान्यात तिची दुसरी प्रत नसते, आणि मालकाने ती पुस्तिका कपाटात ठेवून दिली की त्या कुत्र्याशी आपला संबंध संपतो. नवे पशुपालक कसे आणावेत याचा विचार त्यानंतरचा आहे. आलेले कोठे आणि का गळतात हे आधी पाहावे लागते.

मी स्वतः सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी सकाळी गोठे आणि संध्याकाळी कुत्री-मांजरे असा मिश्र व्यवसाय करतो. त्यामुळे पुढील मजकूर अशाच दवाखान्याला अधिक लागू पडेल. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनी त्यातील गोठ्याचा भाग सोडून द्यावा.

नोंदवहीची उलटी रीत

पिल्लाचे लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते, तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत चालते, आणि रेबीजची लस तीन महिन्यांचे वय झाल्यावर दिली जाते. मध्ये जंताचे औषध असते, एखाद्या वेळी जुलाब, एखाद्या वेळी गोचीड. म्हणजे पहिल्या चार महिन्यांत तेच कुटुंब चार-पाच वेळा आपल्या दारात येते, मुले डॉक्टरांना नावाने ओळखू लागतात, आणि त्यानंतर वर्षभर कोणी फिरकत नाही. ‘कोर्स पूर्ण झाला’ हे वाक्य त्यांना आपणच ऐकवलेले असते. शेवटच्या डोसच्या दिवशी ते वाक्य गिळून त्याऐवजी पुढील वर्षाची तारीख मोठ्याने सांगावी, पुस्तिकेवर ठळक लिहावी आणि मालकाच्या देखत आपल्या वहीतही लिहावी.

ही वही कशी असावी याविषयी माझे मत ठाम आहे. आपण सर्व जण पशुपालक ज्या तारखेला आला त्या तारखेच्या पानावर नोंद करतो. नोंद करावी ती तो ज्या तारखेला पुन्हा यायचा आहे त्या तारखेच्या पानावर. दररोजचे एक पान असलेली साधी डायरी पुरते. आज १४ जुलै असेल आणि आज शेरूला रेबीजची लस दिली असेल, तर पुढील वर्षीच्या डायरीत ७ जुलैच्या पानावर शेरूचे नाव, घरातील ज्या व्यक्तीने फोन उचलावा तिचे नाव, क्रमांक आणि ‘रेबीज’ एवढा एक शब्द लिहावा. आठ दिवस आधीचे पान मुद्दाम, कारण फोन त्या दिवशी करायचा असतो. पुढील वर्षाची डायरी बाजारात येईपर्यंत मागे एक जाड वही ठेवून त्यात महिनेवार नोंदी कराव्यात. संगणकावर हे अधिक सोपे होते यात शंका नाही, परंतु वीज गेल्यावरही चालते म्हणून मी डायरी सोडलेली नाही.

रोज सकाळी दवाखाना उघडल्यावर, पहिला रुग्ण टेबलावर येण्यापूर्वी, त्या दिवसाच्या पानावरील नावांना फोन करावेत. ‘प्रिय ग्राहक, आपल्या पाळीव प्राण्याचे लसीकरण करून घ्यावे’ असा एकच संदेश व्हॉट्सॲपवर सर्वांना धाडण्याचा मोह होतो. तो कोणी वाचत नाही, कारण त्यात कोणाचाच प्राणी नसतो. आमच्याकडील मदतनीस मुलगी असे बोलते: “नमस्कार काकू, दवाखान्यातून बोलतेय. शेरूला मागच्या वर्षी १४ जुलैला रेबीजची लस दिली होती, ती येत्या सोमवारी पुन्हा द्यायचीय. सकाळी आणता की संध्याकाळी?” या तीन वाक्यांत प्राण्याचे नाव आहे, मागची तारीख आहे, आणि शेवटचा प्रश्न असा आहे की त्याचे उत्तर ‘सकाळी’ किंवा ‘संध्याकाळी’ असेच यावे. “बघू, सांगते नंतर” असे उत्तर आले तर रागावण्याचे कारण नाही. चार दिवसांनंतरच्या पानावर नाव पुन्हा चढवावे. तिसऱ्या फोननंतर मात्र थांबावे. तगादा लावणारा डॉक्टर लोकांना आवडत नाही.

संबोधनाचीही नोंद ठेवावी, हे कोणाला क्षुल्लक वाटेल. शहरातील सदनिकांमधून येणाऱ्या अनेकांना ‘मालक’ हा शब्द खटकतो, त्या स्वतःला ब्रूनोची आई म्हणवतात. उलट वस्तीवरून राखणीचा कुत्रा घेऊन आलेल्या शेतकऱ्याला तुम्ही कुत्र्याचे बाबा म्हटलेत तर तो आयुष्यभर ती गोष्ट पारावर सांगेल. केसपेपरच्या कोपऱ्यात एक शब्द लिहून ठेवला की हा घोटाळा टळतो.

गाय, एकवीस दिवस आणि दुधाचा पगार

गोठ्याच्या व्यवसायात ही डायरी कुत्र्यांपेक्षाही अधिक काम करते, आणि नेमके तेथेच ती कोणी वापरत नाही. कृत्रिम रेतन करून, पावती फाडून आपण निघतो. शेतकऱ्याच्या लेखी आपले काम तेथे संपते आणि पुढच्या वेळी जो आधी फोन उचलेल त्याला तो बोलावतो. वास्तविक एका रेतनातून चार तारखा निघतात. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास गाय पुन्हा माजावर येते का हे पाहायचे असते. अडीच ते तीन महिन्यांनी गाभण तपासणी करायची असते. गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा धरला तर सातव्या महिन्यानंतर गाय आटवण्याची, म्हणजे तिचे दूध काढणे थांबवण्याची, वेळ येते. आणि विण्याच्या आठवड्यात, विशेषतः जास्त दुधाच्या संकरित गाईला, अंगातील कॅल्शियम कमी पडून होणाऱ्या दुग्धज्वराचा धोका असतो. म्हशीसाठी गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा धरून शेवटच्या दोन तारखा महिनाभर पुढे ढकलाव्यात. रेतन केले त्याच संध्याकाळी या चारही तारखांच्या पानांवर गोठ्याचे नाव चढवावे.

एकविसाव्या दिवशी “दादा, गाय उलटली का?” एवढाच फोन गेला तरी त्याचा परिणाम मी अनेक वेळा पाहिला आहे. उलटली असेल, म्हणजे पुन्हा माजावर आली असेल, तर ती वेळ हातची जात नाही, शेतकऱ्याचे पुढील तीन आठवडे वाचतात. उलटली नसेल तर गाभण तपासणीची तारीख तेथेच ठरते. रिकाम्या राहिलेल्या गाईचा एक-एक दिवस चाऱ्याचा खर्च वाढवतो हे शेतकऱ्याला आपल्यापेक्षा अधिक कळते, म्हणून ज्याने त्या दिवसांचा हिशेब त्याच्यासाठी ठेवला त्याला तो सहसा सोडत नाही.

पैशाच्या बाबतीत गोठ्याचे वेळापत्रक आपण ठरवत नाही, दूध संकलन केंद्र ठरवते. आमच्या भागात दुधाचा पगार दर दहा दिवसांनी होतो, आणि पगाराच्या आदल्या दिवशी उधारी मागणे म्हणजे दोघांनाही अवघडून टाकणे होय. उधारीची वेगळी वही ठेवून पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रावरून जावे. मागावे लागत नाही, लोक स्वतः थांबवून देतात. हीच जागा आपल्या नावलौकिकाचीही आहे. घागरी आणि कॅन रांगेत लागलेले असताना कोणाची गाय कोणी वाचवली आणि कोण बोलावूनही आले नाही याची चर्चा होते, तिला कोणत्याही जाहिरातीने उत्तर देता येत नाही.

शासकीय मोहिमांशी स्पर्धा करू नये. लाळ-खुरकुताची लस शासनाच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमातून मोफत दिली जाते. तुमच्या गावांत पथक कधी येणार हे पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून विचारून आपल्या पशुपालकांना आपणच कळवावे. आपले उत्पन्न त्यात बुडत नाही, कारण ती लस मोफत असताना कोणी विकत घेणार नव्हतेच. २०२२ मध्ये लम्पी त्वचारोगाची साथ आली तेव्हा ज्या खाजगी डॉक्टरांनी मोफत लसीची माहिती लपवली नाही, त्यांच्याकडे गाठी फुटलेली जनावरे पुढेही विश्वासाने आणली गेली. तसेच गावोगावी कृत्रिम रेतन करणारे जे कर्मचारी असतात, त्यांनी अडलेली गाय पाहून तुम्हाला बोलावले तर शेतकऱ्यासमोर त्यांची चूक काढू नये. चूक सांगायचीच असेल तर मोटारसायकलपाशी जाऊन सांगावी. त्यांचा पुढील फोन तुम्हालाच यावा अशी इच्छा असेल, तर हे पाळावे लागते.

जाहिरात करावी ती किती

पशुवैद्यकीय व्यवसाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ खाली नोंदणी करून करावा लागतो, आणि परिषदेच्या १९९२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार जाहिरातबाजी करून रुग्ण ओढणे शिष्टसंमत नाही. ‘पहिली तपासणी मोफत’, ‘शहरातील क्रमांक एक’ अशा पाट्या लावणाऱ्यांनी ती आचारसंहिता एकदा मुळातून वाचावी. मला त्यात अडचण वाटत नाही, उलट सोय वाटते; कारण दवाखान्याला खरोखर लागते ती माहिती, आणि माहिती देण्याला कोणाची हरकत नाही.

नामफलकावर नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, वेळा आणि फोन एवढे स्पष्ट असावे. गुगल नकाशावरील जागेची खूण बरोबर दाराशी आहे ना हे स्वतः अनोळखी माणसाच्या फोनवरून तपासावे. आमच्या दवाखान्याची खूण दोन वर्षे मागच्या गल्लीतील वखारीवर होती आणि वखारवाल्याने मला ते सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते. साप्ताहिक सुट्टी, गणपतीतील बदललेल्या वेळा, लग्नाला गावी जाणार असू ते दोन दिवस, हे सर्व तेथे वेळेवर भरावे. रात्री दहा वाजता उंदराचे औषध खाल्लेला कुत्रा घेऊन एखादे कुटुंब ‘उघडे आहे’ असे वाचून येते आणि शटर बंद दिसते, तेव्हा ते कुटुंब कायमचे जाते आणि जाताना आणखी चार घरे नेते. रात्री सेवा देत नसाल तर तसे स्पष्ट लिहावे आणि जवळपास रात्री कोण देतो त्याचा क्रमांक दारावर चिकटवावा. स्पर्धकाचा क्रमांक कसा द्यावा असे वाटणाऱ्यांना एवढेच सांगतो की तो कुत्रा वाचला तर लसीला तो तुमच्याकडेच येईल.

वाईट अभिप्राय आल्यास एकदाच, दोन ओळींत आणि शांतपणे उत्तर द्यावे. आजाराचा तपशील, थकबाकी किंवा मालकाचा हलगर्जीपणा चारचौघांत मांडू नये. प्राण्यांची छायाचित्रे टाकायची तर मालकाला विचारून टाकावीत. उघड्या जखमांची टाकूच नयेत.

ऋतूप्रमाणे पाठवलेले संदेश मात्र वाचले जातात, कारण ते वेळेवर आलेले असतात. पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींसाठी घटसर्प आणि फऱ्याची लस, शेळ्यांसाठी आंत्रविषाराची लस, जून-जुलैत गोचीड, उन्हाळ्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना होणारा उष्माघात, दिवाळीच्या पंधरा दिवस आधी फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्यांविषयी चार सूचना. प्रत्येक संदेश एका विषयाचा, आणि त्या विषयाच्या प्राण्यांच्या घरीच पाठवलेला असावा. मांजर पाळणाऱ्या आजींना घटसर्पाचा संदेश गेला की पुढचा त्या उघडत नाहीत. आमच्याकडे बेंदराला आणि इतरत्र पोळ्याला सगळे घर गोठ्यात असते. त्याच्या आदल्या दिवशी खुरे आणि शिंगे पाहण्यासाठी एक फेरी मारली तर वर्षभरात न भेटणारी माणसे एकत्र भेटतात.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्या दिवशी शिबिर घेण्याची पद्धत आता रुळली आहे. शिबिराइतकेच एखाद्या शाळेत जाऊन, कुत्रा चावल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच सरकारी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी, हे मुलांना करून दाखवावे. शिबिरात लस दिलेल्या प्रत्येक कुत्र्याचे नाव, फोन आणि पुढील तारीख डायरीत आली नाही, तर तो दिवस समाजसेवा म्हणून उत्तमच. दवाखान्याच्या कामाचा तो नव्हे.

दारातून टेबलापर्यंत

मांजर पाळणाऱ्यांची संख्या तालुक्याच्या गावांतही वाढत आहे आणि त्यांच्या दृष्टीने आपले बहुतेक दवाखाने निकामी असतात. भाजीच्या पिशवीत तोंड बांधून आणलेले मांजर अर्धा तास भुंकणाऱ्या लॅब्रॅडोरसमोर बसते, मग गार आणि निसरड्या स्टीलच्या टेबलावर ठेवले जाते, आणि त्याने ओरबाडले की आपण म्हणतो की मांजर चिडके आहे. ते घर पुन्हा येत नाही. मांजरापेक्षा ती यातायात मालकिणीलाच सहन होत नाही. यावर खर्च फारसा नाही. फोनवरच सांगावे की भोके पाडलेल्या खोक्यात किंवा झाकणाच्या करंडीत घरचा जुना टॉवेल घालून आणा आणि वरून दुसरा टॉवेल झाका. टेबलावर रबरी चटई टाकावी. आणि आठवड्यातील एका दुपारी दोन तास केवळ मांजरांसाठी ठेवावेत. आमच्याकडे बुधवारी दोन ते चार ही वेळ सुरुवातीला रिकामी जात असे. ती बंद केली नाही एवढेच मी शहाणपण दाखवले.

लसीच्या फ्रिजमध्ये तापमापक ठेवावा आणि तो मालकाला दिसेल असा ठेवावा. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिली पाहिजे हे एका वाक्यात सांगून, कुपीवरील चिठ्ठी त्याच्या पुस्तिकेत चिकटवली, की दुकानातून स्वस्तात आणून टोचलेल्या लसीत आणि आपल्या लसीत फरक काय हे वेगळे पटवावे लागत नाही. तीच पुस्तिका पुढे महानगरपालिकेच्या परवान्याला लागते, आणि कुत्रा कोणाला चावला तर सर्वांत आधी मागितली जाते. हेही त्याच वेळी सांगावे.

पैशाविषयी मात्र आपण सर्व जण बुजतो, आणि माझ्या मते नाराजीने जाणाऱ्यांपैकी बरेच जण उपचारावर नाराज नसतात, आकड्याने दचकलेले असतात. पार्वो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणुजन्य आजार, झालेले पिल्लू आले तर सलाईन लावण्यापूर्वी सांगावे की उपचार तीन ते पाच दिवस चालतील, रोजचा खर्च सुमारे एवढा येईल, आणि एवढे करूनही पिल्लू दगावू शकते. आकडा केसपेपरवर लिहून त्याखाली सही घ्यावी. “तुम्ही सांगाल ते करू डॉक्टर, पैशाचं बघू नका” असे म्हणणारा पालक दुसऱ्या दिवशी पिल्लू घेऊन आला नाही, तर पिल्लू बरे झाले असे समजू नये. पैसे संपले असण्याचा संभव अधिक, आणि ते सांगायची त्याला लाज वाटते. म्हणून पहिल्याच दिवशी, त्याने न विचारता, कमी खर्चाचा दुसरा मार्ग आणि त्यातील धोका सांगून ठेवावा. सवलतींच्या मागे लागू नये. एकाला दिलेली सवलत दुसऱ्या दिवशी दूध केंद्रावर पोहोचते आणि तिसऱ्या दिवशी ती तुमची फी होते. गोठ्यावर जाण्याची फी अंतराप्रमाणे ठरवून ती भिंतीवर लावावी. पाळीव प्राण्यांच्या दुकानदारांना रुग्ण पाठवल्याबद्दल कट देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. ती एकदा सुरू केली की तो कट पिल्लाच्या औषधातून काढावा लागतो, आणि मालकाला ते केव्हा ना केव्हा कळते.

आपल्या आवाक्याबाहेरचा रुग्ण पुढे पाठवण्यास तरुण डॉक्टर घाबरतात. आम्ही शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा परळला, १८८६ पासून चालू असलेल्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवतो. पाठवताना केलेल्या तपासण्या आणि दिलेली औषधे लिहिलेली चिठ्ठी सोबत द्यावी, आणि दोन दिवसांनी काय झाले हे विचारण्यासाठी आपण फोन करावा. टाके काढायला ते तुमच्याकडेच येतात; शिरवळ लांब पडते हे त्याचे निम्मे कारण असले तरी चालेल. शस्त्रक्रिया आपण केली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळचा फोन स्वतः डॉक्टरांनी करावा, मदतनिसावर सोपवू नये. दोन मिनिटे लागतात.

शेवटी एक नोंद अशी आहे की जी करायची सवय मला चूक केल्यावरच लागली. एका घरातील बारा वर्षांची कुत्री आमच्याकडेच गेली. मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि शेवटचे इंजेक्शन मीच दिले. केसपेपर बाजूला ठेवला, परंतु डायरीतील पुढची नोंद तशीच राहिली, आणि चार महिन्यांनी आमच्या मदतनीस मुलीने ठरल्याप्रमाणे त्या घरी फोन केला: “काका, राणीची लस सोमवारी आहे.” पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मी संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. तेव्हापासून प्राणी गेला की त्याच दिवशी, पैशांचा हिशेब लिहिण्यापूर्वी, त्याच्या पुढील सर्व पानांवरील नावांवर लाल रेघ ओढली जाते, आणि तिसऱ्या दिवसाच्या पानावर मी माझ्या हाताने त्या घराचे नाव लिहितो. त्या दिवशीचा फोन मी करतो. फोनवर नवीन पिल्लाचा विषय आपण काढायचा नाही. त्यांनी काढला तरी तेव्हा उत्तर द्यायची घाई करायची नाही. शेवटच्या भेटीचे पैसे आधीच, इंजेक्शनच्या अगोदर, घरातील एखाद्या तिऱ्हाइतासारख्या शांत माणसाकडून घेऊन टाकावेत, म्हणजे कुत्रीला चादरीत गुंडाळून नेताना कोणाला काउंटरवर थांबावे लागत नाही.